शहरातील सामाजिक उद्योगांना नगरपालिका-महापालिका खरा आधार कसा देऊ शकतील? (खान्देशापुरती चर्चा)

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांना नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील शहरांत बचत गटांची स्वयंपाकघरे, शिवणकाम केंद्रे, कचरा वेचणाऱ्या महिलांचे गट, दिव्यांगांच्या कार्यशाळा आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची विक्री केंद्रे अशी कितीतरी कामे चालू आहेत. ही कामे देणग्यांवर नव्हे, विक्रीवर चालतात, आणि खर्च भागून जे उरते ते एखाद्या मालकाच्या घरी न जाता काम करणाऱ्यांकडे, किंवा ज्या गरजेपोटी ते काम उभे राहिले त्या गरजेकडे परत जाते. या धाग्यापुरते आपण त्यांना सामाजिक उद्योग म्हणू. मी अशा काही गटांचे हिशेब लिहून देतो, त्यामुळे त्यांची वही माझ्यासमोर असते आणि पालिकेशी त्यांचा संबंध कुठे जुळतो व कुठे तुटतो हे मला जवळून दिसते.

आपल्याकडे सामाजिक उद्योगांसाठी वेगळा कायदा नाही. कोणी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, कोणी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, तर कोणी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेले असते. बहुसंख्य बचत गटांकडे मात्र बँकेचे खाते, ठरावाची वही आणि शिक्का एवढेच असते. परिणामी पालिकेच्या दप्तरात या सगळ्यांसाठी एकच दार उरते, ते म्हणजे महिला व बालकल्याण विभागाचे. त्या दारातून शिलाई यंत्रे मिळतात, आठवडाभराचे प्रशिक्षण मिळते आणि महोत्सवात तीन दिवसांचा स्टॉल मिळतो. यांतले काहीही वाईट नाही. पण स्टॉल उठला की विक्री थांबते, आणि यंत्र मिळाले तरी त्यावर शिवायला काम नसते. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा माझ्या ओळखीच्या गटांनी मोठ्या उमेदीने कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. मोहीम चालू होती तोवर मागणी होती. मोहीम संपली, आणि गटांकडे कापडाचे तागे आणि व्यापाऱ्याची उधारी मागे राहिली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पालिकेने या गटांकडे लाभार्थी म्हणून न पाहता पुरवठादार म्हणून पाहावे, आणि पुरवठादाराला जे लागते ते द्यावे. त्याला नियमित मागणी लागते, बिलाचे पैसे वेळेवर लागतात आणि परवडेल अशी जागा लागते.

मागणीचा विचार आधी करू. पालिका वर्षभर काय काय विकत घेते ते पाहा. सफाई कामगारांचे गणवेश, सभांचा चहा-नाश्ता, बेघरांच्या निवारा केंद्रातील जेवण, निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांचे डबे, उद्यानांची रोपे, फायली, सार्वजनिक शौचालयांची देखभाल. यांतील बरेचसे काम आपल्या शहरांतील गट आजही उत्तम करू शकतात. अडचण निविदेच्या अटींची आहे. मागील तीन वर्षांची लाखोंची उलाढाल, तशाच कामाचा सरकारी अनुभव, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) आणि संपूर्ण शहराचे काम एकाच निविदेत, अशा चार अटी एकत्र आल्या की गट दारातूनच परत फिरतो. पुढे बाहेरगावचा ठेकेदार काम घेतो आणि कित्येकदा त्याच बायकांना निम्म्या दराने पोटठेक्यावर लावतो. म्हणजे काम शेवटी त्याच करतात, फक्त त्यांच्या हाती मजुरी येते आणि उद्योग दुसऱ्याचा राहतो.

पैसे वेळेवर मिळण्याचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. गटाकडे खेळते भांडवल नसतेच. किराणा उधारीवर येतो, गॅसचे सिलिंडर रोखीने येते आणि सभासदांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातील कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि कलम १६ प्रमाणे उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी गटाची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) हवी, आणि ती विनाशुल्क होते. पण व्याज मागायला गेलेल्या गटाला पुढचे काम मिळेल का, ही भीती कोणत्याही कलमाने जात नाही. त्यामुळे वेळेवर पैसे देण्याची शिस्त पालिकेनेच स्वतःला लावून घ्यायला हवी.

जागेबद्दल एक ठोस सूचना मांडतो. खान्देशात वाळवणाचा हंगाम मार्च ते मे असतो, आणि त्याच्या शेवटच्या भागात पालिकेच्या शाळांना सुट्टी असते. शाळांच्या गच्च्या रिकाम्या असतात, पाण्याची टाकी असते, फाटक असते, चौकीदार असतो. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड आणि मिरची वाळवायला गटांना नेमकी अशीच जागा हवी असते. नाममात्र दैनिक शुल्क घेऊन या गच्च्या एप्रिल-मे महिन्यांत गटांना वापरायला दिल्या, तर पालिकेला एक रुपयाही खर्च न करता मोठे काम होईल.

आपापल्या गावचा अनुभव आणि कायद्याची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे. केवळ सदिच्छा नकोत; काय करता येईल आणि कोणत्या अधिकारात, हे हवे आहे.

जुना लेखापाल (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, विषय चांगला मांडला आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. त्याआधी आणि त्यानंतर, अशा दोन्ही काळांत मी लेखा विभागात काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काही सांगतो.

लहान पुरवठादाराचे बिल कोणी मुद्दाम अडवते असे प्रत्येक वेळी नसते. त्याचा प्रवासच तसा असतो. मागणीपत्र, दरपत्रके, कार्यादेश, माल आल्यावर साठा नोंदवहीत नोंद, खातेप्रमुखाचे प्रमाणपत्र, तरतुदीची खात्री, लेखापरीक्षण आणि मग प्रदान. यांतल्या दोन जागी बिल हमखास अडते. पहिली जागा प्रमाणपत्राची. नाश्ता खाऊन सभा संपलेली असते, अधिकाऱ्याची बदली झालेली असते, आणि माल मिळाल्याची सही कोणी करायची हे ठरत नाही. दुसरी जागा तरतुदीची. खर्च 'किरकोळ' या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदरावर, टाकलेला असतो, ते शीर्ष डिसेंबरातच संपते आणि बिल पुढच्या आर्थिक वर्षात जाते. मोठा ठेकेदार स्वतः येऊन फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो. गटातील बाई मजुरी बुडवून किती वेळा येणार?

यावर उपाय करता येतात, आणि त्यांसाठी शासनाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. बचत गट व तत्सम संस्थांकडून करायच्या खरेदीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. माल स्वीकारतानाच त्याच जागी, त्याच दिवशी सही झालेली पोचपावती द्यावी आणि तीच प्रमाणपत्र म्हणून ग्राह्य धरावी. ठरावीक रकमेखालील बिलांची रांग वेगळी ठेवावी, त्यांना आवक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमानेच पैसे द्यावेत. क्रम मोडल्यास लेखाधिकाऱ्याने कारण लिहून ठेवावे. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण कारण लिहावे लागले की क्रम फारसा मोडला जात नाही.

निविदेच्या अटींविषयी. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे, पण निविदेचा जुना मसुदा जसाच्या तसा वापरला जातो आणि ती सूट त्यात उतरतच नाही. दुसरी अडचण वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची. आपल्या राज्यात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवेची २० लाखांच्या आत असणाऱ्याला सर्वसाधारणपणे ही नोंदणी सक्तीची नाही, तरीही निविदेत नोंदणी क्रमांक अनिवार्य केलेला असतो. तिथे 'लागू असल्यास' हे दोन शब्द घातले तरी कित्येक गट पात्र ठरतील. संपूर्ण शहराचे एक काम करण्याऐवजी प्रभागनिहाय भाग पाडता येतात. मात्र निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे केले, असा लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो. म्हणून तुकडे का केले याचे कारण आणि एकूण अंदाजित रक्कम आधीच ठरावात नमूद करावी आणि सर्व भागांची जाहिरात एकत्र द्यावी.

जागेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. आपल्या भागात मुदत संपलेल्या गाळ्यांचे वाद किती वर्षे चालले हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे सवलतीच्या भाड्याचे नाव काढले तरी कोणताही अधिकारी सही करायला कचरतो आणि त्याला दोष देता येत नाही. पण आपण सुचवलेला गच्चीचा वापर हा भाडेपट्टा नाही. ठरावीक दिवसांपुरती, ठरावीक तासांची वापर परवानगी आहे. सभागृह किंवा मैदान जसे दैनिक शुल्काने दिले जाते, तसे दरपत्रक मंजूर करून हे करता येईल. जागेवर कोणाचा कायमचा हक्क निर्माण होत नाही, हे परवानगीपत्रात स्पष्ट लिहावे.

दिव्यांगांच्या संस्थांसाठी मात्र कायद्यातच दार उघडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये, व्यवसाय, उद्योग आणि उत्पादन केंद्रांसाठी सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जमिनीत ५ टक्के आरक्षण सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन अर्ज करणाऱ्या संस्था माझ्या पाहण्यात फार कमी आल्या.

अमळनेरची ताई

नमस्कार. आमचा गट बिबडे, नागलीचे पापड, कुरडया आणि कळण्याचे पीठ तयार करतो, आणि मागणी असेल तेव्हा शंभर-दीडशे माणसांचे जेवणही करून देतो. गच्चीची कल्पना वाचून फार बरे वाटले, म्हणून लिहीत आहे.

बिबडे करणाऱ्यांनाच त्याचे कष्ट ठाऊक. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, कांडून कोंडा काढायचा, मोठ्या पातेल्यात मिरची, लसूण, तीळ घालून पीठ शिजवायचे आणि ते गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचे. पहाटे चारला चूल पेटवली तर आठ वाजेपर्यंत थापून होते, आणि मग दिवसभर कडक ऊन हवे. घराच्या गच्चीवर एका वेळी किती कापडे पसरणार? आमच्या वस्तीत तर पत्र्याची घरे आहेत. भाड्याची गच्ची घ्यावी तर मालक हंगामाचे पैसे आगाऊ मागतो. त्यामुळे मागणी असूनही आम्ही माल कमी करतो. शाळेची गच्ची मिळाली तर आमचा हंगामातला माल सहज दुप्पट होईल. मात्र पहाटे फाटक उघडून मिळाले पाहिजे. कार्यालयाच्या वेळेत, म्हणजे दहा वाजता फाटक उघडणार असेल, तर त्या परवानगीचा आम्हाला काही उपयोग नाही. पाणी आणि स्वच्छतागृह यांचीही सोय हवी. एप्रिलच्या उन्हात आमच्या बायका तिथे दिवसभर राखण करत बसणार असतात.

आता पैशांविषयी. एका शासकीय कार्यालयाच्या कार्यक्रमाला आम्ही जेवण दिले होते. बिल दिल्यावर आधी सांगितले गेले की दरपत्रक जोडलेले नाही, मग सांगितले गेले की गटाचा ठराव हवा, आणि त्यानंतर ज्या साहेबांनी काम सांगितले होते ते बदलून गेले. पैसे शेवटी मिळाले, पण तोवर किराणा दुकानदाराने आमची उधारी बंद केली होती आणि दोन सभासद गट सोडून गेल्या होत्या. जुना लेखापाल अप्पांनी लिहिलेली पोचपावतीची सूचना खरोखर अमलात आली, तर आमच्यासारख्यांचा सगळ्यात मोठा त्रास संपेल.

आणखी एक गोष्ट नोंदवते. २०२४ मध्ये शाळांच्या गणवेशाचे काम राज्यभर बचत गटांना दिले, तेव्हा आनंद झाला होता. पण कापड वरून कापून आले, मापे मुलांच्या अंगाला बसेनात, माल उशिरा पोहोचला आणि नाव बचत गटांचे खराब झाले. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. आमच्या ओळखीच्या शिवणकाम गटाचे म्हणणे असे की शाळा आमच्या गल्लीत, मुले आमची, आम्ही शाळेत जाऊन मापे घेतली असती. काम गटाला द्यायचे तर निर्णयही गटाला घेऊ द्यावा. पालिकेने शिवणकाम द्यावे, पण शाळा आणि गट यांनी समोरासमोर बसून मापे आणि तारखा ठरवाव्यात.

रेल्वेनगर (भुसावळ)

माझा या विषयाला विरोध नाही, पण वर कोणीच न लिहिलेली एक गोष्ट मांडणे आवश्यक वाटते. अशी सवलत जाहीर झाली की दुसऱ्या दिवसापासून नवे बचत गट उगवतात. कागदावर दहा महिला असतात, प्रत्यक्षात काम एखाद्या पुढाऱ्याचा भाऊबंद करतो आणि बायकांना सहीपुरते बोलावले जाते. खऱ्या गटांचे सर्वांत मोठे नुकसान हेच लोक करतात. नगरसेवकाचा स्वतःचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध पालिकेच्या कंत्राटात असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे तो अपात्र ठरतो. परंतु हितसंबंध वहिनीच्या किंवा मेहुणीच्या गटाच्या नावाने असेल तर तो सिद्ध कोण करणार?

तेव्हा सामाजिक उद्योग कोणाला म्हणायचे याची कसोटी आधी ठरवावी, आणि ती मोजता येण्याजोगी असावी. इटलीत १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचा एक प्रकार ठरवला आहे. त्या संस्थेत काम करणाऱ्यांपैकी किमान ३० टक्के व्यक्ती दिव्यांग, व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या किंवा अशाच वंचित गटांतील असल्या पाहिजेत, आणि अशा संस्थांना तेथील नगरपालिका ठरावीक रकमेपर्यंतची कामे थेट देऊ शकतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण कसोटीची पद्धत घेता येईल. मी तीन गोष्टी तपासल्या असत्या. गटाच्या बँक खात्यातून सभासदांच्या खात्यांवर मजुरी जाते का. गट किमान दोन वर्षे जुना आहे का आणि त्याच्या बैठकांची वही नियमित आहे का. आणि काम चालू असताना अचानक भेट दिली तर नोंदलेल्या बायका तिथे दिसतात का. पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण बँकेचे विवरण खोटे करणे अवघड असते. मंजूर गटांची यादी, दिलेले काम आणि दिलेली रक्कम दर तिमाहीला प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावली, तर खोटा गट कोणता हे वस्तीतले लोकच सांगतील.

खान्देशी (सध्या पुणे)

मी मूळचा चोपड्याचा, नोकरीनिमित्त पुण्यात आहे. इथल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे उदाहरण या चर्चेत उपयोगी पडेल. कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासून काम करत होती, त्यातून ही संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे. सभासद घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा घेतात, घरटी ठरलेले शुल्क थेट रहिवाशांकडून घेतात आणि भंगार विकून आलेला पैसा त्यांचाच असतो. महापालिकेकडून हातगाड्या, सुरक्षा साहित्य, वर्गीकरणाची जागा आणि देखरेखीचा खर्च अशी मदत अपेक्षित असते.

या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची आहे. कचरावेचकाचे उत्पन्न महापालिकेच्या बिलावर अवलंबून नाही. ते दर महिन्याला घराघरांतून येते. गिरणाकाठ आणि ताई यांनी सांगितलेला थकबाकीचा प्रश्न इथे मुळातूनच कमी झाला. अर्थात सगळे सुरळीत चालले असे नाही. करार संपताना नूतनीकरणाचा प्रश्न वारंवार उभा राहिला, मोठ्या कंपनीला काम देण्याच्या हालचाली झाल्या, आणि कचरावेचकांना रस्त्यावर येऊन आपले काम टिकवावे लागले. म्हणून करार दीर्घ मुदतीचा असावा आणि नूतनीकरणाची तारीख व निकष त्यातच लिहिलेले असावेत, असा माझा आग्रह आहे.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत स्थानिक संस्थांना कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची, त्यांचे बचत गट बनवण्यास साहाय्य करण्याची आणि ओळखपत्रे देऊन घरोघरच्या संकलनात त्यांना सामावून घेण्याची जबाबदारी दिली होती. आपल्या शहरांत पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बायका आजही आहेत. कचऱ्याचा ठेका वजनावर दिला जातो, तेव्हा ठेकेदाराचा फायदा कचरा जास्त भरण्यात असतो आणि या बायकांचा फायदा तो वेगळा काढण्यात. दोघांचे हित एकमेकांविरुद्ध जाईल असा ठेका काढायचा आणि नंतर वर्गीकरण होत नाही म्हणून नागरिकांना दोष द्यायचा, हे बदलायला हवे.

सातपुडा (नंदुरबार)

चर्चा दोन महापालिकांभोवती फिरत आहे, म्हणून नगरपालिकांच्या वतीने थोडे लिहितो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील नगरपालिका १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात. त्यांच्याकडे कर्मचारी कमी, स्वतःचे उत्पन्न कमी, आणि मोठी खरेदीही फारशी नसते. इथे पालिका ग्राहक होऊन किती माल उचलणार? पण बाजार तिच्या ताब्यात असतो, आणि आमच्या भागात तेच जास्त महत्त्वाचे आहे.

धडगाव आणि अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून आमचूर, मोहाची फुले, चारोळी येते. शहरात आली की व्यापारी ठरवील त्या भावाला जाते. काही महिला गट आमचूर स्वच्छ करून, प्रतवारी लावून पाकिटे भरतात, पण विकायला बसायचे कुठे? पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्री क्षेत्रे ठरवण्यात या समितीचे मत महत्त्वाचे असते. आठवडे बाजारात आणि बसस्थानकाजवळच्या विक्री क्षेत्रात गटांसाठी काही ओटे राखून ठेवावेत, एवढा ठराव झाला तरी पाड्यावरच्या बायकांना थेट गिऱ्हाईक मिळेल. ओट्याजवळ पालिकेचा तपासलेला वजनकाटा आणि रात्री माल ठेवायला कुलूपबंद खोली असावी. खोली नसेल तर संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावाने विकून शेवटची गाडी पकडावी लागते, आणि दिवसभराचा नफा त्या अर्ध्या तासात जातो.

अन्न सुरक्षेच्या नोंदणीचेही तसेच. लहान उद्योगांसाठी शुल्क अगदी नाममात्र आहे, पण अर्ज ऑनलाइन, कागदपत्रे अपलोड करायची आणि कार्यालय जिल्ह्याच्या गावी. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहर उपजीविका केंद्राची तरतूद होती. ते अभियान २०२४ मध्ये संपले, तरी त्याअंतर्गत बांधलेले बचत गटांचे वस्तीस्तर संघ अजून आहेत. पालिकेने आठवड्यातून एक दिवस एक लिपिक आणि एक संगणक या संघांच्या हाताशी दिला, तर उद्यम नोंदणी, अन्न नोंदणी आणि बँकेची कागदपत्रे एकाच जागी होतील. यासाठी नव्या योजनेची गरज नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, फाटक पहाटे उघडण्याची गोष्ट माझ्या लक्षात आली नसती. ती मसुद्यात घेतली आहे. रेल्वेनगर यांनी बोगस गटांविषयी लिहिलेले योग्यच आहे, फक्त दोन वर्षे जुन्या गटाची अट सरसकट ठेवू नये असे मला वाटते. कचरावेचक महिलांचे गट आजवर कोणी बांधलेच नसतील, तर ते नवेच असणार. त्यांच्यासाठी ओळखपत्र आणि बँक खात्यावरील मजुरी या दोन कसोट्या पुरेशा धराव्यात.

अनुदानावर उभे राहण्यातला धोकाही नोंदवतो. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरू झाली. शहरी भागात थाळीचा दर ५० रुपये धरला होता, त्यांपैकी ग्राहक १० रुपये देई आणि ४० रुपये शासन. अनेक ठिकाणी बचत गटांनी ही केंद्रे घेतली. थाळीच्या ८० टक्के किमतीसाठी एकाच ठिकाणच्या पैशांवर अवलंबून राहावे लागले, आणि ते अनुदान थकले तेव्हा केंद्र चालवणाऱ्यांची कोंडी झाली. त्यामुळे पालिकेने काम द्यावे, पण एखाद्या गटाचे सगळे काम पालिकेचेच असू नये, याकडे गटांनीही लक्ष द्यायला हवे. मी ज्यांचे हिशेब लिहितो त्यांना मी हेच सांगतो, की पालिकेचे काम निम्म्याच्या आत ठेवा आणि बाकीचा माल दुकानांत, घरगुती गिऱ्हाइकांना आणि मुंबई-पुण्याच्या खान्देशी मंडळींना विका.

नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी आयुक्त व मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा असा आहे:

"शहरातील नोंदणीकृत बचत गट, कचरावेचकांचे गट, दिव्यांगांच्या संस्था व सहकारी संस्था यांच्याकडून करावयाच्या खरेदीसाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, त्यातील मालाची पोचपावती स्वीकृतीच्या दिवशीच द्यावी व बिलाची रक्कम ४५ दिवसांच्या आत अदा करावी, निविदेत बयाणा रकमेची सूट नमूद करावी आणि वस्तू व सेवा कर नोंदणीची अट 'लागू असल्यास' अशी ठेवावी, मार्च ते मे या काळात पालिकेच्या शाळांच्या गच्च्या पहाटे ४ ते सायंकाळी ७ या वेळेत दैनिक शुल्काने वापरण्यास द्याव्यात, विक्री क्षेत्रांत गटांसाठी ओटे राखून ठेवावेत, आणि पात्र गटांची यादी व दिलेल्या रकमा दर तिमाहीस प्रसिद्ध कराव्यात."

काही सुटले असल्यास सांगावे.

जुना लेखापाल (धुळे)

मसुदा चांगला आहे. तीन दुरुस्त्या सुचवतो. '४५ दिवसांच्या आत' या शब्दांपुढे 'पोचपावतीच्या दिनांकापासून' असे लिहावे. नाहीतर फाइल लेखा विभागात पोहोचल्यापासून दिवस मोजले जातील आणि आधीचे दोन महिने कुठेच धरले जाणार नाहीत. मार्चमध्ये शाळा व परीक्षा चालू असतात, त्यामुळे गच्चीची मागणी त्या कारणावरून सरळ फेटाळली जाईल. ती 'वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा सुरू होण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत' अशी ठेवावी, आणि मार्च महिन्यासाठी, कायमच्या बंद पडलेल्या शाळांच्या इमारती मागाव्यात. तसेच स्वतंत्र लेखाशीर्षाखाली किती रक्कम ठेवायची याचा आकडा निवेदनात असलाच पाहिजे. आकडा नसेल तर शीर्ष उघडले जाते आणि त्यापुढे एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद होते. मागील दोन वर्षांत पालिकेने नाश्ता, जेवण, शिवणकाम आणि पिशव्या यांवर किती खर्च केला ते माहिती अधिकारात मागवा. अर्ज आजच केला तर ३० दिवसांत उत्तर येणे अपेक्षित आहे. त्या रकमेचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षी मागावा. धुळ्याचा अर्ज मी करतो. जळगाव आणि नंदुरबारचा कोणी करावा ते इथेच ठरवू या.

सातपुडा (नंदुरबार)

नंदुरबार आणि शहाद्याचे अर्ज माझ्याकडे. अप्पा, आपल्या अर्जातील मजकूर इथे टाकलात तर तिन्ही ठिकाणी एकाच नमुन्यात माहिती मिळेल आणि आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील.